कोंबड्या, शेरडं आणि एक म्हस

“आमचं पावणं अजून आलं न्हाय,” तो काउंटरवरच्या माणसाला सांगत होता.

मी त्याच्या मागे दोन हात अंतरावर उभी होते, पाण्याच्या मशीनपाशी, कागदी ग्लास हातात धरून. ग्लासात पाणी नव्हतं. नळ कसा दाबायचा हे कळत नसल्यासारखी मी त्या मशीनकडे बघत होते, म्हणजे कुणाला माझ्याशी बोलायचं कारण मिळू नये.

“येतंय का पळालं?” काउंटरवरच्याने विचारलं.

“पळणारं न्हाय ते. येतंय की.”

ते पावणं म्हणजे मी.

रविवारची सकाळ होती. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं गेमिंग कॅफे. दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती आणि जिन्यात बुटांचा ढीग. सगळे पुरुषांचे. मी माझे सँडल आधी भिंतीशी वेगळे काढले होते. मग वाटलं, वेगळे काढल्यामुळे ते जास्तच दिसतायत. म्हणून परत बाहेर जाऊन ते ढिगात सरकवले.

काउंटरशी उभ्या असलेल्या या मुलाबरोबर मी वर्षभर पत्ते खेळत होते. पत्ते म्हणजे बदाम-किलवरचे नव्हेत, पैसे लावून खेळायचेही नव्हेत. मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ आहे. त्यात सुरुवातीला तुमच्याकडे एकही पान नसतं. पडद्यावर तीन पानं येतात, त्यातलं एक घ्यायचं, की दुसरी तीन येतात. असं तीस वेळा. अशी जमवलेली तीस पानं घेऊन समोरच्याशी लढायचं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, ती त्या पानाची किंमत. पहिल्या पाळीला तुमच्याकडे एकच ताकद असते, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. म्हणजे सात किमतीचं पान कितीही जबरदस्त असलं तरी सातव्या पाळीपर्यंत ते हातात धरून बसायचं. सगळी महाग पानं घेतलीत तर हात भरलेला आणि खेळता एकही येत नाही, तोवर समोरचा तुम्हाला मारून मोकळा. सगळी स्वस्त घेतलीत तर सुरुवात धडाक्यात होते आणि मग दम संपतो. सगळी गंमत हा तोल साधण्यात आहे.

तो शिरोळचा, शेतकरी घरचा. मी लिहायचे ‘लो कॉस्ट’, ‘हाय कॉस्ट’. पहिल्याच आठवड्यात त्याने ते मोडीत काढलं. एक-दोन किमतीची पानं म्हणजे कोंबड्या. तीन-चारची शेरडं. पाचपासून पुढची म्हशी. आणि तीस पानांचा संच म्हणजे गोठा. “गोठ्यात नुसत्या म्हशी बांधल्या तर दूध निघूस्तवर खायाचं काय?” हे त्याचंच वाक्य. पण स्वतः मात्र म्हस दिसली की दावं सोडायचा नाही. आणि मी कोंबड्यांच्या मागे. पहिल्या दोन पाळ्या हात रिकामा राहील, समोरचा माझ्या अंगावर येईल आणि मला काहीच करता येणार नाही, याची मला इतकी भीती वाटायची की मी कोंबड्याच भरत जायचे. तो लिहायचा, “पावणं, कोंबड्यांनी नांगरट व्हईत न्हाय.” दोघांनी मिळून निवडलं की गोठा बरोबर जमायचा. आम्ही बरेच सामने जिंकलो ते त्यामुळे.

पावणं हे नाव त्यानेच दिलं होतं. मी नाव सांगितलं नाही, तर त्याने पहिल्याच निरोपात विचारलं होतं, “पावणं कुठलं म्हणायचं?” कोल्हापुरात अनोळखी माणसाला अशीच हाक मारतात. मला ते आवडलं, कारण त्यात बाई की पुरुष काही कळत नाही. बाकीच्या मराठीत मात्र लपता येत नाही. ‘मी घेते’ म्हटलं की संपलं. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मी बरंचसं इंग्रजीत लिहायचे, तिथे क्रियापद चुगली करत नाही. पण तो मराठीत लिहायचा, आणि घाईच्या वेळी मलाही मराठीतच उत्तर द्यावं लागायचं. मग मी लिहायचे, ‘घेऊया’. ‘हे बरं वाटतं’. आणि काहीच सुचलं नाही तर, ‘घेतो’.

हे का, ते सांगायला हवं. त्याच्या आधी मी दुसरा एक खेळ खेळायचे, पाचजणांच्या टोळीने खेळायचा, कानाला हेडफोन लावून. सहा महिने मी त्यात माईक बंद ठेवून होते. एकदा सगळे मला मागे टाकून निघाले, आणि मी न राहवून माईक चालू करून म्हणाले, “थांबा, आले.” एवढंच. दोन शब्द.

“अरे, पोरगी आहे!” कुणीतरी ओरडलं. मग हसणं. मग त्यातला एक मागेच लागला. आधी खेळात निरोप, मग इतर ठिकाणी. त्याने माझं कॉलेज शोधून काढलं, कसं ते मला आजही माहीत नाही. एका दुपारी त्याने कॉलेजच्या फाटकाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “निळा छान दिसतो.” त्या दिवशी मी निळा कुर्ता घातला होता.

मी ते खातं बंद केलं. घरी सांगितलं नाही, कारण घरी सांगितलं असतं तर फोन गेला असता आणि कदाचित कॉलेजही. निळा कुर्ता मी कपाटात सगळ्यात खाली ठेवला. फाटकातून बाहेर पडताना अजूनही मी आधी समोरच्या टपरीवर कोण कोण उभं आहे ते बघते. तो माणूस कसा दिसतो हेच मला माहीत नाही, त्यामुळे कुणीही तो असू शकतो.

काउंटरशी उभा असलेला हा मुलगाही तो असू शकत होता.

म्हणून मी अर्धा तास आधी आले होते, त्याला लांबून बघायला. तरीही तो माझ्या आधी हजर होता. शिरोळहून पहाटेची एसटी धरली असणार. त्याने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काहीतरी तपकिरी.

“हे काय आणलंयस?” काउंटरवरच्याने विचारलं.

“काकवी हाय. आईनं पावण्यास्नी दिलीया. पयल्यांदा भेटायचं तर मोकळ्या हातानं कसं जायचं?”

उसाच्या रसाची काकवी मला आवडते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं की अनोळखी माणसाने दिलेल्या बाटलीतलं काही प्यायचं नाही. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, आईच्या आवाजात.

मी इथे आलेच का होते? कारण पंधरा दिवसांपूर्वी त्याने लिहिलं होतं की कोल्हापुरात जोड्यांची स्पर्धा आहे, दोघांनी एका कॉम्प्युटरवर बसून एकच गोठा भरायचा. आणि पुढे लिहिलं होतं, “नुस्तं लिवून कुठवर चालायचं? आता सगळ्या स्पर्धा अशाच असत्यात. बोलणारा जोडीदार लागतोय. मला जोडी मोडायची न्हाय, पावणं. पण एकदा बघू, जमतंय का.” म्हणजे आज नाही जमलं तर मोडणार. त्याने ते वाईट शब्दांत लिहिलं नव्हतं, म्हणून जास्तच खरं वाटलं. दिवसभरात मी मोकळेपणाने कुणाशी काही बोलायचे तर ते त्या खेळात, आणि तेही न बोलता. ते गेलं तर माझ्याकडे दुसरं काय होतं, हे मी मोजून बघितलं नव्हतं. बघायचं धाडस नव्हतं.

मी ग्लास मशीनवर ठेवला आणि जिन्याकडे सरकले. दाराशी थांबून फोनवर लिहिलं, “Sorry. Can’t come today.” पाठवलं, आणि सँडल शोधायला वाकले. ढिगात एकच सापडला. दुसऱ्यावर कुणीतरी भलेमोठे बूट काढले होते.

आत त्याचा फोन वाजलेला मला ऐकू आला.

“काय म्हणतंय पावणं?” काउंटरवरचा.

“येत न्हाय म्हणतंय.”

“भ्यालं, गड्या. मी म्हणालतो की.”

मग तो म्हणाला, “भ्यालं आसंल. मी बी भ्यालोय. काल रातच्याला झोप न्हाय. आईला म्हटलं, आपलं बोलणं आसलं गावंढळ, पावणं विंग्रजी लिवतंय. तोंड उघडलं की हसंल मला.” आणि थोड्या वेळाने, “माझं नाव काढून टाका मग. एकट्याला खेळता येत न्हाय न्हवं?”

एक सँडल हातात, एक बुटाखाली, अशी मी तिथे वाकलेली होते. फाटकाचा फोटो पाठवणाऱ्याला कुणी आपल्याला हसेल अशी भीती वाटली असेल, असं मला वाटेना. हा काही पुरावा नव्हता. पण माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. मी सँडल खाली ठेवला आणि आत गेले. त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझा फोन त्याच्याकडे वळवून धरला, त्याचेच निरोप उघडे असलेला.

त्याने फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग लगेच खाली, फरशीकडे.

“पावणं?”

मी मान हलवली.

“आयला,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. “न्हाय म्हणजे… या की. बसा. बसा की.”

काउंटरवरचा हसायला लागला. “आरं, पावणं नव्हं, पावणी हाय!”

“तुम्ही नावं लिवा मुकाट्यानं,” तो त्याला म्हणाला.

आम्हाला कोपऱ्यातला कॉम्प्युटर मिळाला. फोन काउंटरवर जमा करायचे होते, तसा नियमच होता. माझा फोन टोपलीत गेला तेव्हा माझा आवाजच काढून ठेवल्यासारखं झालं. दोन खुर्च्यांमध्ये त्याने स्वतःहून अंतर ठेवलं आणि काकवीची पिशवी मध्ये ठेवली. खेळ सुरू व्हायला वेळ होता.

“एक इचारू?” तो म्हणाला. “मग ते ‘घेतो, घेतो’ लिवत हुतासा, ते मला फसवायला?”

हो म्हणावं की नाही, आणि मग पुढे काय होईल, ते सगळं एकदम डोक्यात आलं. मी पिशवीकडे बघत राहिले.

तो हसला, मोठ्याने नाही. “त्यानं काय कळतंय वो? आमची आई बी ‘मी आलतो’ म्हणती. आक्का बी ‘जेवलो’ म्हणती. गावात सगळ्या बायका तसंच बोलत्यात. मी काय तुम्हाला गडी समजलो न्हवतो. बाई बी समजलो न्हवतो. पावणं समजलो हुतो.”

वर्षभर मी ज्या शब्दामागे लपले होते, तो त्याच्या घरी सगळ्या बायका रोज वापरत होत्या. आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गल्लीतल्या मुलीही ‘मी आलो’ म्हणायच्या. लहानपणी लगोरी खेळताना मीही म्हणायचे. एकदा “आई, मी जिंकलो!” असं ओरडत घरात शिरले, तर आई म्हणाली, “जिंकले. तू मुलगा आहेस का?” मग शाळेत मराठीच्या तासाला तेच झालं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी नीट बोलायला लागले. आणि कमी.

घंटा झाली. पहिली तीन पानं आली.

वर एक हिरवी पट्टी होती, ती आखूड होत जायची. ती संपायच्या आत पान निवडायचं. माऊस त्याच्या हातात. “कुठलं?” त्याने विचारलं. मी बोट दाखवलं. डावीकडची कोंबडी. त्याने घेतली. पुढची तीन. परत बोट. असं चाललं, आणि मला वाटलं, जमेल, न बोलता जमेल. चार-पाच पानं चांगली निघाली. मग एकदा मधलं शेरडू घ्यायचं होतं. घाईत बोट डावीकडे सरकलं, पडद्याला लागलं. त्याने डावीकडची कोंबडी घेतली.

“मधलं म्हणत हुतासा?” तो म्हणाला.

मी मान हलवली.

“जाऊ द्या. एक कोंबडी जास्त झाली.”

तेवढ्यात काउंटरवरचा येऊन मागे उभा राहिला. “ताई, स्क्रीनला हात लावायचा न्हाय. डाग पडत्यात. तोंडानं सांगायचं.”

शेजारच्या कॉम्प्युटरवर दोघे बसले होते, त्यातल्या एकाने मान वळवली. “काय रं, जोडीदार मुकं आणलंयस व्हय?”

“मुकं न्हाय,” हा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. “हिशेबी हाय.”

ते दोघे हसले. त्यांचं हसणं ऐकून मला दुसरंच हसणं ऐकू आलं, हेडफोनमधलं. मी वळून दाराकडे बघितलं, दार किती लांब आहे ते. मध्ये तीन खुर्च्या होत्या.

त्याने मला सांभाळून घेतलं. “डावं?” म्हणायचा. मी नकाराची मान हलवायचे. “मधलं?” मान. “उजवं?” होकार. पण तीन पानांची नावं घेईपर्यंत पट्टी लाल व्हायची, आणि तो घाईत माझ्या मनातलं ओळखायला लागला. त्याला माहीत असलेल्या माझ्या मनातलं. “पावण्यास्नी कोंबडी,” म्हणत तो कोंबडी घ्यायचा. मला आवडेल ते घेत होता. वर्षभर मी त्याला जे शिकवलं होतं, तेच मला परत मिळत होतं. त्याने स्वतःला आवडणाऱ्या दोन म्हशी माझ्यासाठी सोडून दिल्या, मी बघत होते, आणि तोंड उघडत नव्हतं.

सव्वीस-सत्तावीस पानं झाली तेव्हा मी कडेची यादी बघितली. सगळा गोठा कोंबड्यांनी भरला होता. थोडी शेरडं. म्हस एकही नाही. असा गोठा पहिल्या चार पाळ्यांत गोंधळ घालतो, आणि पाचव्या पाळीला समोरच्याने एक मोठं पान टाकलं की सगळी पिसं उडतात. मला हे दिसत होतं. त्याला दिसत होतं का माहीत नाही. दिसत असलं तरी तो बोलणार नव्हता, कारण तो मला घाबरवायचं टाळत होता. आम्ही दोघे एकमेकांना सांभाळत हरणार होतो.

शेवटची तीन पानं आली.

डावीकडे कोंबडी, दोन किमतीची, चपळ. मध्ये एक सुमार शेरडू. उजवीकडे म्हस. सात किमतीची, मैदानावर उतरली की समोरची सगळी लहान पानं झाडून टाकणारी. बाकी गोठ्याला जे जे नव्हतं ते सगळं त्या एका पानात होतं.

या वेळी त्याने विचारलं नाही. पट्टी अर्धी झाली होती. त्याचा माऊस सरळ डावीकडे निघाला, आणि तो खाली मान घालून, जवळजवळ आईसारख्या आवाजात म्हणाला, “पावण्यास्नी कोंबडी.”

मी मान हलवली. नको म्हणून. तो बघत नव्हता. मी खुर्ची ओढली, तिचा आवाज झाला, तरी त्याने बघितलं नाही. बोट उचललं, आणि मागे उभा असलेला काउंटरवरचा खाकरला. पट्टी लाल झाली. शेजारचे दोघे आता उघडच आमच्या पडद्याकडे बघत होते. माऊसचा बाण कोंबडीवर पोचला होता. मला एवढंच कळत होतं की हे पान गेलं की सगळं जाणार, जोडीही, पावणंही. घशातून काहीतरी निघालं. आधी नुसता खरखरीत श्वास निघाला, आणि मग माझा स्वतःचा आवाज, मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा, अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल एवढा.

“कोंबडी नको!” मी म्हणाले. “म्हस घेतो मी!”